न झिजणारे ब्लेड

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी ६३ वर्षांचा निवृत्त यंत्र अभियंता असून नाशिकला राहतो. माझे जावई सॅन होजे येथे नोकरी करतात. पोर्टेबल एसएसडी, मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह विकणाऱ्या एका अमेरिकी कंपनीचे शेअर त्यांनी घेतले असून मीही घ्यावेत, असा त्यांचा आग्रह आहे. कंपनीची विक्री झपाट्याने वाढते आहे आणि शेअरचा भाव त्याहूनही वेगाने. माझे तीन प्रश्न आहेत. कोरियन आणि चिनी स्पर्धकांपुढे ही कंपनी टिकेल काय? सगळ्यांचे फोटो आणि फायली क्लाउडवर गेल्या तर या वस्तू कोण विकत घेणार? आणि ऑक्टोबरमध्ये माझी १५ लाखांची मुदत ठेव सुटते आहे, ती रक्कम यात गुंतवावी काय? जावई मनापासून सांगत आहेत, त्यामुळे नकार देणेही अवघड झाले आहे.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रात कंपनीचे नाव लिहिलेले नाही, आणि एका अर्थी ते बरेच झाले. नाव कळले असते तर मी तिचा भाव पाहत बसलो असतो आणि तुमचे मूळ प्रश्न बाजूला पडले असते. तुमचे पहिले दोन प्रश्न चांगले आहेत. मात्र दोन्हींमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. कंपनीला खरा धोका कोणाकडून आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे आणि तो धोका किती मोठा एवढेच ठरवायचे बाकी आहे, असा त्यांचा सूर आहे. काढता-घालता येणाऱ्या साठवणुकीच्या धंद्यात नेमके हेच गृहीतक माणसाला गोत्यात आणते. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील युटा राज्यातल्या रॉय नावाच्या छोट्या गावी घडले. ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मला त्यातूनच द्यायची आहेत.

१९८० साली रॉयमध्ये आयोमेगा ही कंपनी स्थापन झाली. बर्नुली बॉक्स या तिच्या काढत्या-घालत्या डिस्कच्या यंत्राला व्यावसायिक ग्राहकांत मान होता, परंतु १९९४ सालची तिची विक्री जेमतेम १४ कोटी डॉलर होती. त्याच वर्षी पूर्वी जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम केलेले किम एडवर्ड्स तिचे प्रमुख झाले आणि १९९५ साली तिने झिप ड्राइव्ह बाजारात आणला. निळ्या रंगाचा, हातात मावणारा तो डबा २०० डॉलरला पाच सेंट कमी अशा किमतीला मिळे आणि त्याची १०० एमबीची डिस्क २० डॉलरच्या आसपास. साध्या फ्लॉपीत १.४४ एमबी मावत असे. म्हणजे जवळजवळ सत्तर फ्लॉप्यांचे काम एक डिस्क करत असे. ज्यांनी एकेक मोठी फाइल पाच-सात फ्लॉप्यांत तोडून नेली आहे आणि शेवटची फ्लॉपी वाचली जात नाही हे पाहून कपाळाला हात लावला आहे, त्यांना झिपचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नव्हते.

विक्री १९९५ मध्ये सुमारे ३२.६ कोटी डॉलरवर, १९९६ मध्ये १ अब्ज २१ कोटींवर आणि १९९७ मध्ये १ अब्ज ७४ कोटींवर गेली. या वाढीचा सुगावा सर्वांत आधी मोठ्या दलाली पेढ्यांना लागला नाही. तो लागला अमेरिका ऑनलाइन या इंटरनेट सेवेवर एकमेकांशी बोलणाऱ्या लहान गुंतवणूकदारांना. ते दुकानांत जाऊन झिप डिस्क शिल्लक आहेत की संपल्या हे पाहून येत आणि एकमेकांना कळवत. काही जण तर रॉयला जाऊन शनिवार-रविवारी कारखान्याच्या वाहनतळावर किती गाड्या उभ्या आहेत ते मोजून आले, कारण सुटीच्या दिवशी गाड्या असणे म्हणजे जादा पाळ्या चालू असणे. तुम्ही कारखान्यात आयुष्य घालवले आहे. या तर्कातला शहाणपणा तुम्हाला लगेच पटेल. मलाही तो पटतो. घरबसल्या आकडेमोड करणाऱ्यांपेक्षा गाड्या मोजणारा माणूस मला नेहमीच अधिक विश्वासार्ह वाटला आहे.

हे लोक स्पर्धेबाबतही बेसावध नव्हते. तुम्ही मला विचारलेत तसेच प्रश्न ते विचारत होते. पहिला प्रश्न साइक्वेस्टचा: कॅलिफोर्नियातली ही कंपनी काढत्या-घालत्या हार्ड डिस्कच्या धंद्यात आयोमेगाइतकीच मुरलेली होती आणि तिने झिपच्या तोडीस तोड किमतीत १३५ एमबीचा ड्राइव्ह काढला होता. दुसरा प्रश्न एलएस-१२० चा: कॉम्पॅक, थ्रीएम आणि मात्सुशिता यांच्यासारखी बडी मंडळी या ड्राइव्हमागे उभी होती, त्यात १२० एमबी मावत होते आणि मुख्य म्हणजे जुन्या फ्लॉप्याही त्यात चालत होत्या. कागदावर पाहिले तर हा दुसरा स्पर्धक झिपला गिळून टाकील असेच कोणालाही वाटावे. गाड्या मोजणाऱ्यांचे मत होते की दोघेही झिपला हरवू शकणार नाहीत, आणि हे मत शंभर टक्के बरोबर ठरले. साइक्वेस्टने नोव्हेंबर १९९८ मध्ये दिवाळे काढले आणि तिची मालमत्ता पुढे आयोमेगानेच विकत घेतली. एलएस-१२० ला मोठा बाजार कधी मिळालाच नाही. विद्यार्थ्याने सारे प्रश्न बरोबर सोडवले होते, पण पेपर भलत्याच विषयाचा निघाला.

तो विषय होता कोरी सीडी. १९९५ साली एचपीचा सीडी लिहिणारा ड्राइव्ह हजार डॉलरच्या किंचित खाली उतरला, तेव्हा दोनशे डॉलरच्या झिपशी त्याची तुलना करणे कोणाला सुचले नाही. एकदा लिहिली की पुसता न येणारी ती तबकडी डिस्कची प्रतिस्पर्धी वाटतच नव्हती. परंतु शतक संपेपर्यंत ड्राइव्ह स्वस्त झाले आणि ६५० एमबीची कोरी सीडी एका डॉलरच्या आसपास मिळू लागली. शिवाय ती वाचणारा ड्राइव्ह प्रत्येक संगणकात आधीपासून बसलेला होता. झिप डिस्क दुसऱ्याला द्यायची तर त्याच्याकडे झिप ड्राइव्ह लागे. सीडी कोणालाही द्यावी आणि परत मागू नये.

आता त्या गुंतवणुकीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. आयोमेगाचा नफा ड्राइव्हमध्ये फारसा नव्हता, तो डिस्कमध्ये होता. रेझर स्वस्तात द्यावा आणि ब्लेडवर कमवावे, असे हे जुने गणित. एक ड्राइव्ह विकला की त्याच्यामागे किती डिस्क खपतील यावर कंपनीचे सारे भवितव्य अवलंबून होते आणि गुंतवणूकदारांचे तक्ते याच आकड्यावर उभे होते.

त्या काळात पुण्यातल्या एका डीटीपी कार्यालयात माझे नियमित जाणे-येणे होते. मासिकाची पाने पेजमेकरमध्ये लागत आणि चित्रांसकट ती फाइल फिल्म काढण्यासाठी दुसऱ्या पेठेतल्या सेंटरवर न्यावी लागे. त्यासाठी टेबलावर एक झिप ड्राइव्ह होता आणि डिस्क होत्या फक्त दोन. त्यांच्यावरच्या चिकटपट्टीवर पेन्सिलने नाव लिहिलेले असे: ‘दिवाळी १’, ‘कव्हर’. डिस्क सेंटरवर जाई, संध्याकाळी मुलगा ती परत आणी, खोडरबराने जुने नाव पुसून नवे लिहिले जाई आणि आतला मजकूरही तसाच पुसला जाई. दोन वर्षांत तिथे तिसरी डिस्क आलेली मला आठवत नाही. ब्लेड बोथट होते म्हणून माणूस नवे घेतो. डिस्क बोथट होत नाही. ती पुसून पुन्हा वापरता येते, आणि हाच तर तिचा गुण म्हणून जाहिरातीत सांगितला जात होता. म्हणजे ज्या गुणामुळे ग्राहक वस्तू घेत होता, तोच गुण कंपनीच्या नफ्याच्या मुळावर येत होता. सीडीचे उलटे होते. ती पुसता येत नसल्यामुळे दर कामाला नवी लागे. खरे ब्लेड तीच होती, फक्त ती विकण्याचा मक्ता कोणा एकाकडे नव्हता.

आयोमेगाने आपले ब्लेड जपायला कसूर केली नाही. नोमाई या फ्रेंच कंपनीने झिपमध्ये चालणाऱ्या डिस्क काढल्या तेव्हा तिने कोर्टकचेरी केली आणि १९९८ साली ती कंपनीच ताब्यात घेतली. परंतु नकली डिस्क बनवणाऱ्याला कोर्टात खेचता येते. सीडीला कसे खेचणार?

पुढचे थोडक्यात सांगतो. १९९८ च्या मार्चमध्ये एडवर्ड्स यांनी पद सोडले. त्या वर्षी विक्री १ अब्ज ६९ कोटींच्या आसपास टिकून होती, तरी कंपनीला ५ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. काही ड्राइव्हमध्ये टकटक आवाज होऊन डिस्क वाचली जाईनाशी होण्याच्या दोषावरून ग्राहकांनी त्याच वर्षी सामूहिक दावा दाखल केला. २००० च्या सुमारास सिंगापूरच्या ट्रेकचा थंबड्राइव्ह आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सचा डिस्कऑनकी असे पहिले पेनड्राइव्ह आले. सुरुवातीला त्यांत अवघे ८ एमबी मावत होते, म्हणजे झिपच्या दहावा हिस्साही नाही. तरीही ते जिंकले, कारण त्यांना ड्राइव्हच लागत नव्हता. २००१ साली आयोमेगाने पाच शेअरांचा एक शेअर केला आणि २००८ साली ईएमसी या अमेरिकी कंपनीने ती सुमारे २१ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. एके काळी बाजाराने तिची किंमत कित्येक अब्ज डॉलर लावली होती.

मात्र भावाचा उच्चांक कधी होता, हे पाहा. तो मे १९९६ मध्ये होता. त्या वेळी विक्रीची सर्वांत मोठी दोन वर्षे अजून पुढे होती. म्हणजे त्या मे महिन्यात शेअर घेणाऱ्याला विक्री आणखी वाढणार असे वाटले असेल, तर त्याचे काहीही चुकले नव्हते. विक्री वाढली, स्पर्धक हरले आणि पैसे तरीही बुडाले. तुमचे जावई विक्रीच्या वाढीचे जे आकडे दाखवत आहेत ते खोटे आहेत असे मी म्हणत नाही. ते पूर्णपणे खरे असले तरी तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. फ्लॅश मेमरीच्या, म्हणजे एसएसडी, कार्ड आणि पेनड्राइव्हमध्ये माहिती साठवणाऱ्या, चिप स्वतः मोठ्या प्रमाणावर बनवणारे जगात पाच-सहाच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स, किऑक्सिया, मायक्रॉन, सॅनडिस्क आणि चीनची वायएमटीसी. बाकीचे बहुतेक जण चिप विकत घेतात, कवचात बसवतात आणि वर आपले नाव छापतात. हा धंदा गोठा नसलेल्या पेढेवाल्यासारखा असतो. दुधाचा भाव दुसरा ठरवतो, पेढ्याचा भाव गिऱ्हाईक ठरवते आणि मधल्या फटीत जे उरेल त्यावर संसार चालवायचा. तुमची कंपनी गोठेवाली आहे की बिनगोठ्याची, हे तिच्या वार्षिक अहवालाच्या पहिल्या काही पानांत स्पष्ट लिहिलेले असते. बिनगोठ्याची असेल तर कोरियन आणि चिनी कंपन्या तिच्या स्पर्धकही आहेत आणि पुरवठादारही. टंचाईच्या काळात आधी कोणाचे भांडे भरले जाईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

नुसत्या नावाच्या जोरावर काय होते याचे उदाहरण लेक्सारचे आहे. छायाचित्रकारांच्या बॅगेत हमखास सापडणारे हे कार्डाचे नाव २००६ साली मायक्रॉनकडे गेले, २०१७ साली मायक्रॉनने तो किरकोळ धंदा बंद केला आणि नाव चीनच्या लाँगसिसकडे गेले. दुकानात लेक्सारची कार्डे आजही मिळतात. ग्राहकाच्या दृष्टीने काहीच बदलले नाही, मालक मात्र बदलत गेले.

सॅनडिस्कची गोष्ट वेगळी आहे आणि न्यायाने तीही सांगितली पाहिजे, नाहीतर मी केवळ भीती घालतो असे तुम्हाला वाटेल. १९८८ साली स्थापन झालेल्या या कंपनीने जपानमध्ये योक्काइची येथे तोशिबाबरोबर, म्हणजे आताच्या किऑक्सियाबरोबर, चिपचे संयुक्त कारखाने उभारले; शिवाय तिच्याकडे पेटंट होती आणि त्यांची रॉयल्टी इतरांना द्यावी लागत असे. २००८ साली मंदीत तिचा भाव कोसळला असताना सॅमसंगने शेअरला २६ डॉलर, म्हणजे एकूण सुमारे ५ अब्ज ८५ कोटी डॉलर देऊ केले. संचालकांनी नकार दिला आणि ऑक्टोबरमध्ये सॅमसंगनेही हात मागे घेतला. त्या वेळी नकार देणाऱ्यांना वेड्यात काढले गेले असेल. परंतु २०१६ साली वेस्टर्न डिजिटलने त्याच कंपनीसाठी सुमारे १६ अब्ज डॉलर मोजले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पुन्हा स्वतंत्र कंपनी म्हणून बाजारात आली. तेव्हा या धंद्यात कोणी टिकतच नाही, असे नाही. मात्र जी टिकली तिच्याकडे स्वतःचा गोठा होता आणि मधला दुष्काळ सोसण्याची ताकद होती.

दुष्काळ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. मेमरीचा धंदा उसासारखा चालतो. भाव चढला की सगळे लागवड वाढवतात, दोन वर्षांनी सगळ्यांचा ऊस एकदम कारखान्याच्या दारात येतो आणि भाव पडतो. २०२३ च्या आर्थिक वर्षात मायक्रॉनसारख्या बलाढ्य कंपनीला सुमारे ५ अब्ज ८३ कोटी डॉलरचा तोटा झाला, तो याच चक्रात. म्हणून विक्री वाढली असे कोणी सांगितले, की ती नगांची वाढ आहे की केवळ चिपचा भाव चढल्यामुळे दिसणारी वाढ, हे विचारा. दुसऱ्या प्रकारची वाढ जितक्या लवकर येते, तितक्याच लवकर जाते.

क्लाउडच्या प्रश्नाची मला तुमच्याइतकी धास्ती वाटत नाही. क्लाउड म्हणजे तरी दुसऱ्याच्या इमारतीतले ड्राइव्हच, आणि चिप बनवणाऱ्याला ते कोणाच्या इमारतीत आहेत याचे सोयरसुतक नसते. ज्याचा धंदा केवळ खिशात ठेवायच्या वस्तूंचा आहे, त्याला मात्र हा प्रश्न लागू होतो, आणि त्याच्यासाठी खरा निर्णय क्लाउडवाले घेत नाहीत, तो खाचेचा मालक, म्हणजे ज्याच्या यंत्रात कार्ड बसते तो, घेतो. आयफोनमध्ये कार्डाची खाच कधीच नव्हती. सॅमसंगने २०२१ साली गॅलेक्सी एस२१ मधून ती काढून टाकली आणि त्या मालिकेतल्या महागड्या फोनांसाठी कार्ड घेण्याचे कारण संपले. उलट २०२५ च्या जूनमध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ या गेमयंत्रात खेळ साठवायला जादा जागा हवी तर मायक्रोएसडी एक्स्प्रेस हेच नवे कार्ड लागते, त्यामुळे जुनी कार्डे घरात पडून असलेल्यांनाही त्यासाठी खरेदी करावी लागते. कार्ड विकणाऱ्याचे नशीब असे दुसऱ्या कंपनीच्या नकाशावर ठरते. सोनीसारख्या कंपनीनेही १९९८ पासून स्वतःची मेमरी स्टिक रेटून पाहिली आणि २०१० मध्ये शेवटी एसडी कार्ड आपल्या कॅमेऱ्यांत घेतले.

राहिला १५ लाखांचा प्रश्न. निवृत्तीनंतरची ठेव एकाच परदेशी कंपनीत, तीही अशा चढउताराच्या धंद्यातल्या, घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. व्यवहाराची बाजूही पाहा: एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली गुंतवणुकीसाठी वर्षाला १० लाखांहून अधिक रक्कम परदेशी पाठवली तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल केला जाणारा प्राप्तिकर, कापते. तुमच्या बाबतीत ते १ लाख रुपये होतील. ते विवरणपत्रात वळते करून घेता येतात, पण तोवर अडकून पडतात. आणि परदेशी शेअर घेतल्यानंतर त्यांची नोंद दर वर्षी विवरणपत्रात करावी लागेल.

जावयाचा मान ठेवायचा असेल तर नकार देण्याऐवजी त्यांना काम द्या. मनापासून सांगणाऱ्या माणसाला प्रश्न विचारला की तो रागावत नाही, उलट त्याला आपला सल्ला गांभीर्याने घेतला गेल्याचे समाधान मिळते. त्यांना कंपनीच्या गेल्या आठ वर्षांच्या अहवालांतून तीन आकडे काढून पाठवायला सांगा: दर वर्षीचा ढोबळ नफ्याचा टक्का, त्यातले पडत्या वर्षांतले आकडे, आणि चिपखरेदीसाठी ती कोणत्या पुरवठादारावर किती अवलंबून आहे. पडत्या वर्षांतही टक्का फारसा हलला नसेल, तर दोन लाखांपर्यंतची रक्कम घालायला माझी हरकत नाही. वार्षिक अहवालात हे सारे असते. एका रविवारचे काम आहे. आकडे आले की मला पुन्हा लिहा, या खेपेस कंपनीच्या नावासह. ठेव सुटायला ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. तोवर आकडे आले नाहीत, तर बँकेत जाऊन तिचे एका वर्षासाठी नूतनीकरण करून टाका.